न उरलेल्या चित्रपटाची समीक्षा : ‘सावकारी पाश’, वास्तववाद आणि मेलोड्रामा

१

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ साली काढलेला बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट भारतीय चित्रपटाच्या बहुतेक इतिहासांत एकाच ठरावीक वाक्याने नोंदला गेला आहे : हा पहिला वास्तववादी भारतीय चित्रपट होय. कथा नारायण हरी आपटे यांची. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. निरक्षर शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो, एवढे कथासूत्र सर्वत्र सांगितले जाते. पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या त्या काळात हा विषय निश्चितच धाडसाचा होता. परंतु विषय वास्तवातला असणे आणि रूप वास्तववादी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ‘सावकारी पाश’विषयीच्या लेखनात या दोहोंची सरमिसळ जवळजवळ नियमाने झालेली आहे.

या सरमिसळीला एक विशेष कारण आहे. चित्रपट उपलब्ध नाही. पेंटर यांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ या १९२७ सालच्या दोन चित्रपटांचे अवशेष उरले. ‘सावकारी पाश’ उरला नाही. ज्या कृतीला संहिता नाही तिच्याविषयीचे प्रत्येक विधान आधीच्या विधानावर उभे राहते. कथेचे श्रेय क्वचित हरि नारायण आपटे यांना दिले जाते, ते याच दुसऱ्या हातच्या ज्ञानामुळे. पेंटर यांचा ‘सिंहगड’ (१९२३) हरिभाऊंच्या ‘गड आला पण सिंह गेला’वर आधारलेला होता आणि दोघा लेखकांच्या नावांत केवळ क्रमाचा फरक आहे. नावाची चूक दुरुस्त करता येते. रूपाविषयीची चूक मात्र दीर्घकाळ टिकते, कारण तिला प्रतिष्ठेचे पाठबळ असते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, ‘सावकारी पाश’ला मिळालेली वास्तववादाची ख्याती ही त्या चित्रपटाच्या आस्वादातून आलेली नसून उत्तरकालीन समीक्षेच्या गरजेतून आलेली आहे, आणि या ख्यातीमुळे त्या चित्रपटाच्या मेलोड्रामाचा विचार करण्याची वाटच बंद झाली.

२

‘सावकारी पाश’च्या वास्तववादाचा पुरावा म्हणून चित्रपटाच्या इतिहासांतून वारंवार पुढे केली जाते ती निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण. अंधूक प्रकाशात, दूरदृश्यात टिपलेली एक उदास झोपडी आणि त्या शांततेत ऐकू येणारे कुत्र्याचे भेसूर रडणे, असे ते दृश्य आहे. पेंटर यांच्या प्रतिभेची साक्ष म्हणून ही आठवण योग्यच आहे. मात्र ती नीट वाचली तर तिच्यातच एक अडचण दडलेली दिसते. वाडिया स्वतः सांगतात की, मूकपट त्यांना पुसटच आठवतो. पेंटर यांचे मोठेपण त्यांना जाणवले ते त्याची बोलपट आवृत्ती पाहताना. ही आवृत्ती पेंटर यांनीच १९३६ साली शालिनी सिनेटोनसाठी केली. ज्या रडण्याने ते दृश्य स्मरणीय झाले ते मूकपटात ऐकू येणेच शक्य नव्हते. म्हणजे १९२५ च्या चित्रपटाची थोरवी ज्या प्रतिमेवर उभी केली जाते, ती प्रतिमा अकरा वर्षांनंतरच्या दुसऱ्या चित्रपटातील, दुसऱ्या तंत्रयुगातील आहे.

दुसरी अडचण प्रतिमेच्या स्वरूपाची. तिला वास्तववादी म्हणावे असे तिच्यात काय आहे? मराठी खेड्यात रात्री कुत्रे रडणे हा केवळ परिसराचा आवाज नसतो, तो अपशकुन असतो. घरात काही अशुभ घडणार आहे हे तो ऐकणाऱ्याला सांगतो. काळोखात बुडालेले घर आणि अशुभाची सूचना देणारा स्वर यांतून परिसराची नोंद होत नाही, परिसराला नैतिक अर्थ येतो. घरावर आलेले संकट घराबाहेरच्या सृष्टीने उच्चारावे, ही रीत मेलोड्रामाची आहे. मराठी रंगभूमीचे पडदे रंगवून कारकीर्द सुरू करणाऱ्या पेंटर यांच्या छायाप्रकाशाला हे वळण असणे स्वाभाविकही होते.

साक्षीदार कोण, हेही पाहिले पाहिजे. वाडिया हे अमेरिकन साहसपटांचे आणि मालिकापटांचे चाहते, ‘हंटरवाली’ (१९३५) सारख्या स्टंटपटांचे निर्माते. बेन सिंगर यांनी ‘मेलोड्रामा अँड मॉडर्निटी’ (२००१) या ग्रंथात ज्या अमेरिकन मालिकापटांना थरारक मेलोड्रामाचे शुद्ध उदाहरण मानले, त्याच परंपरेत वाडियांची दृष्टी घडली होती. अशा दृष्टीला ‘सावकारी पाश’मधील जे दृश्य आयुष्यभर झपाटून राहिले ते मेलोड्रामाचे असावे यात नवल नाही. त्यांच्या आठवणीचा वास्तववादाचा दाखला केला तो नंतरच्या लेखकांनी.

३

या ठिकाणी एका समकालीन अमेरिकन मूकपटाच्या समीक्षेचा इतिहास ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘वे डाउन ईस्ट’ (१९२०) हा लॉटी ब्लेअर पार्कर यांच्या १८९८ सालच्या लोकप्रिय नाटकावर बेतलेला. गरीब खेडवळ अॅना मूर शहरातील श्रीमंत नातेवाइकांकडे जाते. तेथे लेनॉक्स सँडरसन तिला खोट्या विवाहविधीने फसवतो आणि गरोदरपणी टाकून देतो. तिचे अर्भक मरते. पुढे ती एका शेतकऱ्याच्या घरी राबते. तिचे पूर्वायुष्य उघडकीस येताच घरमालक तिला हिमवादळात बाहेर काढतो. नदीवर फुटत वाहणाऱ्या बर्फाच्या लादीवरून तिची सुटका होते, तो प्रसंग मूकपटांच्या इतिहासात अजरामर झाला.

चित्रपट निघाला तेव्हा हे नाटक शिळे झाले आहे, असे सुशिक्षितांचे मत होते. खुद्द नायिकेची भूमिका करणाऱ्या लिलियन गिश यांनीही ग्रिफिथ यांच्या या निवडीबद्दल कलावंतांना वाटलेला अविश्वास आत्मचरित्रात नोंदवला आहे. प्रेक्षकांनी मात्र चित्रपट डोक्यावर घेतला. समीक्षेने तडजोडीची भूमिका घेतली : कथा भडक, चित्रण थोर. पुढे आयझेनस्टाइन यांनी १९४४ सालच्या डिकन्स व ग्रिफिथ यांच्यावरील निबंधात ग्रिफिथ यांच्या समांतर संकलनाचे मूळ डिकन्सच्या कादंबरीत शोधले, आणि श्रीमंत-गरीब या दोन कधीही न मिळणाऱ्या रेषांत जग पाहणारी दृष्टी हीच त्याची मर्यादा ठरवली. मेलोड्रामा अजून दोषच होता. पण आता तो विचारार्ह दोष झाला होता. १९७० नंतर चित्र पालटले. टॉमस एल्सेसर यांचा १९७२ चा निबंध आणि पीटर ब्रुक्स यांचा ‘द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन’ (१९७६) यांनी मेलोड्रामाला अभिरुचीच्या तक्रारीतून बाहेर काढून एक जाणीवरीती म्हणून उभे केले. लिंडा विल्यम्स यांनी १९९८ साली याच ‘वे डाउन ईस्ट’चे सविस्तर वाचन करून मेलोड्रामा हा अमेरिकन लोकप्रिय चित्रपटातील अपवाद नसून त्याचा पाया आहे, असे प्रतिपादन केले.

दोन चित्रपटांच्या समीक्षेचे मार्ग असे परस्परविरुद्ध आहेत. अमेरिकन चित्रपट मेलोड्रामा म्हणून हिणवला गेला, परंतु तो उरला असल्याने पुन्हा पुन्हा पाहिला गेला आणि अखेर मेलोड्रामा म्हणूनच सन्मानित झाला. मराठी चित्रपट वास्तववादी म्हणून गौरवला गेला, परंतु तो न उरल्याने त्या गौरवाची फेरतपासणी झाली नाही. एकाला आरोपातून मुक्ती मिळाली. दुसरा स्तुतीत अडकून पडला.

४

आपटे-पेंटर यांच्या कथासूत्रात मेलोड्रामाचे बीज नेमके कोठे आहे, याचे उत्तर उपलब्ध सामग्रीतून देता येते. परदेशी प्रेक्षकांसाठी आणि इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी या चित्रपटाला ‘द इंडियन शायलॉक’ असे नाव होते. हे नाव सहज घेतलेले नाही. शायलॉक म्हणजे केवळ लोभी सावकार नव्हे. शायलॉक म्हणजे रोखा, त्या कागदावर लिहिलेले शब्द आणि त्या शब्दांवर बोट ठेवून मागितलेले मांस. व्हेनिसच्या न्यायसभेत रोख्याचे अक्षरशः वाचन ऋणकोला वाचवते. दख्खनच्या न्यायालयांत तेच अक्षरशः वाचन ऋणकोला बुडवत आले होते.

या कागदाला मोठा इतिहास आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू होऊन पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरावर होता. रोखे आणि हुकूमनामे ताब्यात घेऊन नष्ट करणे हा दंग्यांचा मुख्य हेतू असल्याचे चौकशी आयोगानेच नोंदवले. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये निरक्षर कुणब्याभोवती कागदपत्रे, वकील आणि कचेऱ्या यांचे जे जाळे उभे राहते त्याचे वर्णन केले. या दोहोंच्या मध्ये १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा येतो. त्याची महत्त्वाची तरतूद अशी की, न्यायालयाने रोख्यावरील आकड्यावर न थांबता रोख्याच्या मागे जावे आणि व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासावा.

रोख्याच्या मागे जाणे ही मेलोड्रामाचीच व्याख्या ठरावी. ब्रुक्स यांच्या मते, ज्या काळात पवित्राचे अधिष्ठान ढळलेले असते त्या काळात मेलोड्रामा दैनंदिन वास्तवाच्या पृष्ठभागावर इतका दाब देतो की त्याखाली दडलेले सद्‌-असद्‌ लख्ख दिसू लागते. ‘वे डाउन ईस्ट’मध्ये विवाहविधी खरा दिसतो आणि खोटा असतो; सँडरसन मानाचा पाहुणा म्हणून पंगतीला बसलेला असतो आणि अॅना त्याच्याकडे बोट दाखवते तेव्हा तो पृष्ठभाग फाटतो. सावकाराचा रोखाही कायद्याने खरा आणि न्यायाने खोटा असतो. दोन्ही ठिकाणी दुष्टपणा कायद्याचा वेष घेऊन येतो, आणि तो ओळखू येण्यासाठी चित्रपटाला आकांताची, अंधाराची, अशुभाच्या सूचनेची गरज भासते. वास्तववादी रूप रोखा दाखवील. रोख्याच्या मागे जाण्यासाठी मेलोड्रामा लागतो.

यात मूकपटाचा एक अंगभूत विरोधाभास मिसळतो. मूकपटाचे कथन पडद्यावरील लिखित पाट्यांवर अवलंबून असे, आणि प्रेक्षकांतील मोठ्या वर्गाला त्या वाचता येत नसत. कोणी जाणकार त्या मोठ्याने वाचून दाखवी. अक्षर न कळल्याने नागवल्या गेलेल्या माणसाची गोष्ट अक्षर न कळणाऱ्या प्रेक्षकांसमोर अक्षरांतून मांडली जात होती. अशा प्रेक्षकासाठी विश्वासार्ह होते ते पाटीवरचे वाक्य नव्हे. मुद्रा, हावभाव आणि छायाप्रकाश. ब्रुक्स यांनी मेलोड्रामातील मुकेपणावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे : शब्द ज्यांच्या ताब्यात नाही त्यांचे सत्य देहाच्या भाषेतून बोलते. ‘सावकारी पाश’च्या संदर्भात हे विधान रूपकात्मक राहत नाही.

हा धागा कल्पित नाही, हे पुढच्या उपलब्ध चित्रपटांवरून दिसते. ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मध्ये शंभूला आपले देणे पासष्ट रुपये वाटत असते, पण जमीनदाराच्या कागदांत ते दोनशे पस्तीस भरते. ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये पाचशे रुपयांच्या कर्जाचा अंगठा पिढ्या खातो आणि बिरजूचा सर्व राग सुखीलालाच्या न वाचता येणाऱ्या वह्यांवर असतो. या दोन चित्रपटांपैकी पहिल्याची गणना वास्तववादात होते आणि दुसऱ्याची मेलोड्रामात. दोहोंचा गाभा मात्र तोच कागद आहे.

५

‘सावकारी पाश’च्या ख्यातीचा दुसरा आधार म्हणजे त्याचे व्यावसायिक अपयश. चित्रपट चालला नाही, कारण पौराणिक चमत्कारांना सरावलेला प्रेक्षक वास्तवाच्या एवढ्या तीव्र मात्रेसाठी तयार नव्हता, असे स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा दिले जाते. हे स्पष्टीकरण कलावंताला काळाच्या पुढे नेते आणि प्रेक्षकाला मागे ठेवते. ते मराठी नाट्यव्यवहाराशी ताडून पाहिले तर टिकत नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. दारूने घर उद्ध्वस्त होणे, सिंधूचे हाल, मृत्यूमागून मृत्यू हे सर्व मराठी प्रेक्षकाने वर्षानुवर्षे डोळे पुसत पाहिले. हा प्रेक्षक मध्यमवर्गीय नाट्यगृहातला होता आणि चित्रपटाचा प्रेक्षक त्याहून व्यापक, हा भेद मान्य करूनही, समकालीन सामाजिक दुःख पाहण्याची तयारीच महाराष्ट्रात नव्हती असे म्हणता येत नाही. ‘सावकारी पाश’ न चालण्याचा अर्थ प्रेक्षकाने वास्तव नाकारले असा करणे, हे समीक्षेने आपल्या आदर्शाचे ओझे प्रेक्षकाच्या माथी मारणे होय.

‘एकच प्याला’च्या बाबतीत मराठी समीक्षेने वेगळी भाषा वापरली, हे येथे सूचक आहे. त्याची भावविवशता, संवादांचा सोस, योगायोग यांची चिकित्सा झाली. ‘भडक’ हे विशेषण मराठी नाट्यसमीक्षेत दोषवाचक म्हणून रूढच होते. नाटकाला संहिता होती, म्हणून तिच्यातील मेलोड्रामा दिसला आणि खटकला. चित्रपटाला संहिता उरली नव्हती, म्हणून त्याला मेलोड्रामाच्या आरोपातून सूट मिळाली. त्या काळच्या कलाव्यवहारात परस्परांपासून दूर नसलेल्या या दोन कृती समीक्षेत मात्र विरुद्ध बाजूंना जाऊन बसल्या.

६

ही सूट देण्याची गरज केव्हा निर्माण झाली? १९५२ च्या भारतातील पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात इटालियन नववास्तववादाचा परिचय झाला. ‘दो बिघा जमीन’ आणि ‘पथेर पांचाली’ (१९५५) यांनंतर उत्तम चित्रपट म्हणजे वास्तववादी चित्रपट हे समीकरण फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळात दृढ झाले. त्या समीकरणाला स्वदेशी पूर्वज हवा होता. जमीन गमावून शहरात जाणाऱ्या शेतकऱ्याची १९२५ ची गोष्ट ही जागा भरून काढण्यास अत्यंत योग्य होती. चित्रपट न उरल्याने ती अधिकच योग्य ठरली, कारण पडद्यावरचे कोणतेही दृश्य या वंशावळीला आक्षेप घेऊ शकत नव्हते.

वास्तववाद आणि मेलोड्रामा यांतील ही उतरंड भारतीय चित्रपट-अभ्यासात गंभीरपणे तपासली गेली ती १९९० नंतर. त्या कामात बंगळुरूचा वाटा मोठा आहे. तेथील सेंटर फॉर द स्टडी ऑफ कल्चर अँड सोसायटी या संस्थेशी संबंधित आशिष राजाध्यक्ष व एम. माधव प्रसाद यांच्या लेखनाने ही चर्चा अभिरुचीच्या पातळीवरून इतिहासाच्या पातळीवर आणली. प्रसाद यांनी ‘आयडिऑलॉजी ऑफ द हिंदी फिल्म’ (१९९८) मध्ये वास्तववादाचा आग्रह आधुनिक राज्यसंस्था व नागरिकत्व यांच्या प्रकल्पाशी जोडून दाखवला. पुढे रवी वासुदेवन यांच्या ‘द मेलोड्रॅमॅटिक पब्लिक’ने या उतरंडीमागील समीक्षाव्यवहाराचाच इतिहास मांडला. मराठी चित्रपटविषयक लेखनाने मात्र या चर्चेच्या प्रकाशात आपला मूकपट पुन्हा वाचलेला दिसत नाही.

बंगळुरूच्याच मूकपटकालातील एक उदाहरण ही गरज स्पष्ट करते. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’वरून मोहन भवनानी यांनी म्हैसूर संस्थानात ‘वसंतसेना’ हा मूकपट १९३० च्या सुमारास केला. कन्नड नाटककार टी. पी. कैलासम्, कमलादेवी चट्टोपाध्याय आणि एणाक्षी रामराव त्यात होते. आज त्या चित्रपटाचे स्मरण होते ते या नावांमुळे, विशेषतः प्रतिष्ठित घरातील स्त्रियांनी पडद्यावर येण्याच्या धाडसामुळे. तोही वृत्तांत मौलिक आहे. पण तो सहभागी व्यक्तींचा आहे. ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवल यांच्या संगीत नाटकातून मराठी रसिकाच्या घरचे झाले होते. निरपराध चारुदत्तावरील आळ आणि वधस्तंभाजवळची अखेरच्या क्षणीची सुटका ही त्याची रचना ग्रिफिथच्या सुटकेच्या प्रसंगांशी सहज तुलनीय आहे. ती तुलना ‘वसंतसेना’च्या निमित्ताने झाली नाही. एका चित्रपटाची समीक्षा नामावळीत विरली, दुसऱ्याची एका विशेषणात. दोन्ही ठिकाणी रूपाचा प्रश्न हरवला.

७

‘सावकारी पाश’ मेलोड्रामा होता असे म्हटल्याने पेंटर यांचे मोठेपण उणावत नाही. याची कसोटी पाहायची तर ना. ह. आपटे यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’वरून शांताराम यांनी केलेला ‘कुंकू’ (१९३७) सुदैवाने उपलब्ध आहे. पार्श्वसंगीत टाळून परिसरातील नैसर्गिक ध्वनींवर भिस्त ठेवणारा हा चित्रपट वास्तववादाचा नमुना मानला जातो. परंतु त्यातील घड्याळ, आरसा आणि कुंकू या घरगुती वस्तू केवळ घर दाखवत नाहीत; जरठ-कुमारी विवाहातील अन्याय त्या उच्चारतात. वास्तवातील वस्तूच नैतिक साक्षीदार होते. ‘सावकारी पाश’च्या बोलपटातील कुत्र्याचे रडणे त्याच जातीचे आहे. वास्तववाद आणि मेलोड्रामा यांतील भिंत समीक्षेने उभी केली. या परंपरेतील कलावंतांनी ती मानलीच नव्हती.

प्रश्न केवळ वर्गीकरणाचा असता तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. ‘भडक’ म्हणून जी भाषा अभिजनांनी बाजूला सारली ती रोखा वाचता न येणाऱ्या माणसाच्या फिर्यादीची भाषा होती. तिला वास्तववादाचे सभ्य नाव दिल्याने तिची प्रतिष्ठा वाढली, पण फिर्याद ऐकू येईनाशी झाली. दख्खनच्या शेतकऱ्यासाठी १८७९ साली कायदा करावा लागला, आणि २०१४ साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा करावा लागला. ज्या विषयाची निकड एवढी दीर्घायुषी आहे, त्यावरील पहिल्या मराठी चित्रपटाला समीक्षेने प्रशस्तिपत्र देऊन मिटवू नये. पहिला वास्तववादी चित्रपट हे बिरुदही एक रोखाच आहे. त्यावरील आकडा मान्य करण्यापूर्वी समीक्षेने त्याच्या मागे जाणे हे तिचे कर्तव्य ठरते.